पुठ्ठ्याचा चष्मा आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या दिवशी या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर बोलले जाते. समितीने मला मात्र एक छोटासा विषय दिला आहे. आपल्या अभ्यासिकेसाठी यंदा काही देणगी जमली. तिचे काय करायचे यावर गेल्या बैठकीत बरीच चर्चा झाली. काही तरुण मित्रांनी सुचवले की, आता शहरातल्या मोठ्या शाळांत मुले डोळ्यांना यंत्र लावून शिकतात, ज्याला व्हीआर म्हणजे आभासी वास्तव म्हणतात, तर आपणही तसे यंत्र घ्यावे. काही ज्येष्ठांचे म्हणणे पडले की हे खेळणे आहे, त्यापेक्षा पुस्तके घ्या. मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले, म्हणून अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्हीच काय ते समजावून सांगा." तेव्हा दोन्ही बाजूंचे ऐकून मला जे वाटते ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. महागडे हेडसेट कित्येक हजारांना एक पडतात. ते आपल्याला परवडणारे नाहीत आणि त्यांची आपल्याला गरजही नाही. मी बोलतो आहे ते पुठ्ठ्याच्या चष्म्याबद्दल. खोक्याचा जाड पुठ्ठा, दोन बहिर्गोल भिंगे, एक रबरबँड आणि आपल्या खिशातला मोबाइल. बस्स, एवढेच. बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळतो आणि भिंगे आणून घरी करायचा म्हटला तर त्याहूनही स्वस्तात होतो.

आता तो चालतो कसा? आपले दोन डोळे साधारण अडीच इंचांवर आहेत. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते. विश्वास बसत नसेल तर आत्ताच एक बोट नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून बघा. बोट इकडून तिकडे सरकते की नाही? या दोन वेगळ्या चित्रांवरून आपला मेंदू वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घेतो. चष्म्यात आपण हेच करतो. मोबाइलच्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रे, डावे डाव्या डोळ्याला, उजवे उजव्या डोळ्याला. पडदा डोळ्यांच्या इतका जवळ असतो की नुसत्या डोळ्यांनी तो धूसर दिसेल. म्हणून मध्ये भिंगे. गुगल कंपनीच्या पहिल्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगे होती. शिवाय काही मोबाइलमध्ये जायरोस्कोप नावाचा भाग असतो. आपण मान वळवली की त्याला ते कळते आणि चित्रही तेवढेच वळते. त्यामुळे चहूबाजूंचे, ज्याला ३६० अंशांचे म्हणतात, असे छायाचित्र लावले की आपण त्या जागी उभे राहून सभोवार बघतो आहोत असा भास होतो. मात्र चालत पुढे जाता येत नाही. एका जागी उभे राहून फक्त मान फिरवायची.

ज्येष्ठ मंडळींना हे ऐकून जत्रेतली चित्रांची पेटी आठवली असेल. आठवण अगदी बरोबर आहे, कारण ही युक्ती नवी नाहीच. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवणारा स्टिरिओस्कोप इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली मांडला. त्या वेळी फोटोग्राफी जाहीरही झाली नव्हती, म्हणून त्यांनी हाताने काढलेल्या आकृत्या वापरल्या. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत नमुना केला आणि तो १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात गाजला. १८६१ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचा स्वस्त नमुना तयार केला आणि मुद्दामच त्याचे पेटंट घेतले नाही. कोणीही करावा, कोणीही विकावा. त्यामुळे तो घरोघर पोचला आणि पुढे अमेरिकेत कीस्टोन व्ह्यू या कंपनीने शाळांसाठी अशा चित्रांचे संच काढले. म्हणजे आज ज्याला आपण नवे तंत्र म्हणतो, त्याचा वर्गातला वापर शंभर वर्षांहून जुना आहे.

आता आपल्या जवळची गोष्ट सांगतो. मेजर रॉबर्ट गिल यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. मद्रास सैन्यातला हा अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली त्यांच्याकडे दिले. वर्षानुवर्षे अजिंठ्याला राहून त्यांनी मोठमोठी तैलचित्रे केली. त्यांतली बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेली. परंतु गिल यांनी अजिंठा आणि आसपासच्या परिसराची स्टिरिओस्कोपची छायाचित्रेही काढली होती. १८६४ साली लंडनमध्ये त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. त्यांतल्या एकात शंभर स्टिरिओ चित्रे होती.

मित्रहो, जरा विचार करा. १८६४ साली लंडनच्या दिवाणखान्यात बसलेला माणूस डोळ्यांना पेटी लावून आपल्या मुलखातले कोरीव खांब जणू हात लावता येतील असे बघत होता. आणि त्याच काळात अजिंठा गावाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्या लेण्यांत काय आहे, ती कोणी कोरली, कशासाठी कोरली, हे सांगणारे कोणी नव्हते. पुढे १९०७ मध्ये अमेरिकेत जेम्स रिकाल्टन यांच्या चित्रांचा भारतावरचा संच निघाला. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. तिकडच्या मुलांनी त्यांच्या डोळ्यांनी हिंदुस्थान पाहिला. आपण त्या चित्रांत होतो, पण चित्र बघणाऱ्यांत नव्हतो आणि चित्र काढणाऱ्यांत तर नव्हतोच. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता अलीकडचा काळ. गुगलच्या पॅरिस येथील कार्यालयात डेव्हिड कोझ आणि डॅमियन हेन्री या दोन अभियंत्यांनी पुठ्ठ्याचा चष्मा बनवला. जून २०१४ मध्ये कंपनीने तो जाहीर केला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. २०१९ पर्यंत असे दीड कोटींहून अधिक चष्मे गेले. शाळांसाठी 'एक्सपिडिशन्स' नावाचे अ‍ॅप निघाले. शिक्षकाने आपल्या यंत्रावरून दाखवायचे आणि वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकाच वेळी तीच जागा बघायची. व्यवस्था खरोखर चांगली होती. पण पुढे काय झाले? मार्च २०२१ मध्ये कंपनीने चष्म्याची विक्री थांबवली आणि जून २०२१ अखेर ते अ‍ॅपही बंद केले. ज्या शाळांनी सगळा कार्यक्रम त्यावर बेतला होता, त्यांचे संच कपाटात गेले.

यातून आपण काय घ्यायचे? कंपनीला दोष देत बसण्यात अर्थ नाही. दुकान त्यांचे, ते हवे तेव्हा बंद करतील. पण आपले शिक्षण दुसऱ्याच्या दुकानावर उभे करू नये, एवढे तरी शिकावे. चांगली गोष्ट अशी की चष्म्याचा आराखडा आजही खुला आहे, २०१९ पासून त्याची मूळ प्रणालीही खुली केलेली आहे आणि पुठ्ठा कापायला कुणाची परवानगी लागत नाही. अनेक ठिकाणांची ३६० अंशांची छायाचित्रे इंटरनेटवर मोफत मिळतात. ती एकदा उतरवून घेतली की नेटचीही गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. याने मुले शिकतात का?

आपल्यासारख्या ठिकाणी हे चालेल का, याचा विचार इतरांनीही केला आहे. मुंबईतल्या एका शाळेबाहेरच्या शिकवणी केंद्रात हा स्वस्त चष्मा वापरून एक अभ्यास झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा साधने कमी आहेत म्हणून हे आपले काम नव्हे, असे समजण्याचे कारण नाही. माझा स्वतःचा अनुभव अगदी लहान आहे. पाच चष्मे, पाच जुने मोबाइल आणि सातवीची वीस मुले. एवढ्यावरून मी सिद्धांत मांडणार नाही, परंतु जे पाहिले ते सांगतो.

पहिल्या दिवशी चष्मा दिला की मुले "आईशप्पथ!" म्हणून ओरडतात, हात पुढे करून खांब पकडायला बघतात. दहा मिनिटे नुसती धमाल. आणि दुसऱ्या दिवशी विचारले, काय पाहिले? तर म्हणतात, "भारी होतं सर." भारी म्हणजे काय ते सांगता येत नाही. म्हणजे बघितले खूप, पण शिकणे झाले नाही. जे ज्येष्ठ याला खेळणे म्हणतात, त्यांचे म्हणणे इथे शंभर टक्के बरोबर आहे. शिक्षकाशिवाय दिलेला चष्मा हे खेळणेच आहे.

मग आम्ही पद्धत ठरवली. चार-चार मुलांचा गट. चष्मा एकालाच. तो बघणार आणि बोलणार. बाकीचे तिघे न बघता त्याला प्रश्न विचारणार. एक जण लिहून घेणार, एक जण ऐकून चित्र काढणार. पाच मिनिटांनी पाळी बदलायची. विषय होता अजिंठ्याचे चैत्यगृह. बघण्याआधी मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. उजेड कुठून येतो? खांब कसे मांडले आहेत? इथे माणसे राहत असतील की जमत असतील?

बघा, काय फरक पडतो! "उजेड कुठून येतो" म्हटल्यावर पोरगा मान वर करतो आणि दाराच्या वरची ती घोड्याच्या नालेसारखी मोठी खिडकी त्याला सापडते. मग दुसरी मुलगी विचारते, "मागच्या भिंतीपर्यंत उजेड पोचतो का?" तो वळून बघतो. स्तूप दिसतो. खांब सरळ न जाता स्तूपामागून वळलेले दिसतात. एक जण म्हणाला, "सर, खोल्या नाहीत, म्हणजे राहायची जागा नाही." नंतर त्यांना विहार दाखवले. तिथे मधे दालन आणि कडेने लहान लहान खोल्या. अजिंठ्याची ९, १०, १९ आणि २६ क्रमांकाची लेणी चैत्यगृहे आणि बहुतेक बाकीची विहार, हा फरक पुस्तकात एका ओळीत असतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. या मुलांनी तो स्वतः शोधून काढला. ज्याने चित्र ऐकून काढले होते, त्याने नंतर चष्म्यातून बघून आपले चित्र स्वतःच दुरुस्त केले. शिकणे म्हणतात ते हे.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. एक मुलगी चष्मा लावून खाली जमिनीकडे बघत होती. मी म्हटले, "अगं, वर बघ, खाली काय आहे?" ती म्हणाली, "सर, खाली एक पुसट गोल डाग आहे. फोटो काढणारा इथे उभा होता का?" खरोखरच अशा छायाचित्रांत कॅमेऱ्याच्या तिकाटण्याची जागा खाली पुसट केलेली असते. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, "त्याने हीच जागा का निवडली? तो कोपऱ्यात उभा राहिला असता तर?"

बंधू-भगिनींनो, चित्र कोणी काढले, कुठे उभे राहून काढले आणि काय दाखवले नाही, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलीला पडला. ज्या समाजाचे चित्र शतकानुशतके दुसऱ्यांनीच काढले, त्या समाजातल्या मुलीला हा प्रश्न पडणे मला फार मोलाचे वाटते.

आता तोट्यांकडे वळू. पहिली गोष्ट, चक्कर. डोळे सांगतात आपण हलतो आहोत आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो स्थिर आहोत, मग काहींना मळमळते. म्हणून पळत्या गाडीचे, झोपाळ्याचे व्हिडिओ दाखवू नयेत, स्थिर छायाचित्रेच दाखवावीत. मूल खुर्चीवर बसलेले असावे आणि पाच मिनिटांवर एक मिनिट जाऊ नये. अगदी लहान मुलांना तर हे देऊच नये. दुसरी गोष्ट, डोळे आलेल्या मुलाचा चष्मा दुसऱ्याला लागला तर साथ पसरेल. पुठ्ठा धुता येत नाही, म्हणून कपाळाला लागणाऱ्या कडेला सुती पट्टी लावावी आणि ती दर वेळी बदलावी. तिसरी, भिंगे उन्हात उघडी ठेवू नयेत, मोबाइलचा पडदा जळू शकतो. चौथी, एखादे मूल सतत म्हणाले की मला एक चित्र दिसत नाही, दोनच दिसतात, तर त्याला हसू नका. भिंगे नीट बसली आहेत का ते बघा आणि तरी तसेच राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि जे हाताने करता येते ते चष्म्यातून दाखवू नका. बी रुजते ते मातीतच बघावे. चुंबक हातातच घ्यावा. ओढा गावात असेल तर ओढ्यावर जावे. जिथे पाय पोचत नाहीत तिथेच हा चष्मा.

पाय का पोचत नाहीत, हेही स्पष्ट बोलू. शाळेची सहल निघते तेव्हा वर्गातली काही मुले नाव देत नाहीत. बाई विचारतात, "का रे?" मूल म्हणते, "मला गाडी लागते." गाडी लागत नसते, घरात सहलीचे पैसे नसतात, आणि ते सांगायची लाज वाटते. सहलीहून आल्यावर बाकीची मुले आठ दिवस त्याच गप्पा मारतात आणि हे मूल खाली मान घालून ऐकते. पुढे परीक्षेत निबंध येतो, 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ'. शे-दोनशेचा पुठ्ठा हा अन्याय दूर करील असे मी म्हणत नाही. सहलीची बरोबरी चष्म्याने होत नाही. दगडाचा गारवा, पायऱ्या चढल्यावर लागलेली धाप, मित्राच्या डब्यातली चटणी यात काही येत नाही. म्हणून समितीने सहलीचा निधीही ठेवावा, असा माझा आग्रह आहे. चष्मा दाखवून "झाली तुमची सहल" असे कोणी म्हणू लागले, तर तो चष्मा फेकून द्यावा.

तेव्हा माझी सूचना अशी. पाच चष्मे घ्या किंवा अभ्यासिकेतल्या मोठ्या मुलांकडून करून घ्या. खर्च हजाराच्या आसपास येईल. घराघरांत जुने मोबाइल पडून आहेत, ते मागून घ्या. उरलेल्या पैशांची पुस्तके घ्या. म्हणजे पुस्तक की चष्मा हा वादच राहत नाही. रविवारी एक तास आणि त्या तासाला शिक्षक किंवा तयारी केलेला तरुण हजर असलाच पाहिजे. पाळीची वही ठेवा. घरी मोबाइल बहुधा भावाच्याच हातात असतो, म्हणून इथे पहिली पाळी मुलींची.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुलांना नुसते बघायला लावू नका, चित्रे काढायला लावा. त्याला ३६० अंशांचा कॅमेरा लागत नाही, जायरोस्कोपही लागत नाही. साध्या मोबाइलने एक फोटो घ्यायचा, मोबाइल त्याच उंचीवर अडीच इंच उजवीकडे सरकवायचा आणि दुसरा घ्यायचा. वस्तू सात-आठ फुटांवर असावी आणि मधल्या वेळात काही हलता कामा नये. पहिले चित्र डावीकडे, दुसरे उजवीकडे ठेवून चष्म्यातून बघा, खोली दिसू लागते. पडद्यावर नको असेल तर कागदावर छापा, प्रत्येक चित्र सहा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, आणि उजेड आत यावा म्हणून चष्म्याची वरची बाजू कापा. मोबाइलशिवायही काम होते. गिलसाहेबांच्या काळची हीच रीत.

मग आपली मुले कशाची चित्रे काढतील? या विहाराची. वस्तीतल्या जुन्या विहिरीची. वीटभट्टीची. आजीच्या जात्याची. ज्यांचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत अशा आपल्या आया-मावश्यांना नातवंडे चष्मा लावून लेणी दाखवतील आणि त्या सांगतील, आमच्या वेळी इथे काय होते. ते लिहून घ्या, चित्राबरोबर जपून ठेवा. पुढच्या वर्धापनदिनाला या मंडपात एक टेबल असावे आणि त्यावर आपल्या मुलांनी काढलेली वीस-पंचवीस चित्रे असावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव आणि तो कुठे उभा होता हे लिहिलेले असावे.

  

नमो बुद्धाय! जय भीम!